पत्रादेवी ते गडचिरोली : महाराष्ट्र आडवा ओलांडताना

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्राचे ३,०७,७१३. म्हणजे महाराष्ट्रात त्र्याऐंशी गोवे मावतात. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचा विस्तार १४,४१२ चौरस किलोमीटर, गोव्याच्या जवळजवळ चौपट आहे. पत्रादेवीहून पोळेपर्यंतचा गोवा एका सकाळी पार करता येतो. तीच सवय मनात ठेवून शेजारच्या राज्यात गाडी घातली, तर सहलीचा तिसरा दिवस उजाडेपर्यंत चालक थकलेला असतो, मुले कंटाळलेली असतात आणि ठरवलेल्या ठिकाणांपैकी निम्मी मागे राहिलेली असतात.

गोमंतकीय कुटुंबांच्या महाराष्ट्रातील वाटा बहुधा कोल्हापूर, पंढरपूर, शिर्डी, पुणे आणि मुंबई अशा ठरलेल्या आहेत. त्यापलीकडचा मराठवाडा आणि विदर्भ नकाशावर ओळखीचा असला, तरी प्रत्यक्षात फारसा पाहिला जात नाही. दोन आठवड्यांची रजा, सुस्थितीतील मोटार आणि थोडा संयम एवढ्या बळावर हा महाराष्ट्र सागरकिनाऱ्यापासून झाडीपट्टीपर्यंत आडवा ओलांडता येतो. त्याची आखणी कशी करावी, याविषयीची ही माहिती.

पावसाचा नकाशा हाच खरा नकाशा

महाराष्ट्र पश्चिमेकडून पूर्वेकडे कसा बदलत जातो, हे समजण्यासाठी पर्जन्यमान पाहावे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीला पोहोचताच हा आकडा सात हजारांच्या आसपास जातो. सह्याद्रीची धार ओलांडल्यावर मात्र ढग रिकामे होऊ लागतात. आंबोलीपासून मोटारीने एका दिवसाच्या अंतरावर असलेल्या जत, आटपाडी, सांगोला या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तरी तो बरा मानतात. पुढे मराठवाड्यातून विदर्भाकडे जाताना पाऊस पुन्हा वाढू लागतो आणि गडचिरोलीच्या जंगलात तो तेराशे मिलिमीटरच्या वर जातो.

पीक, घर, जेवण आणि वस्तीची दाटी ही सारी या पावसामागून चालतात. कोकणात जांभ्याची घरे आणि भात, कोल्हापूर-सांगलीत ऊस, सांगोल्याकडे डाळिंब, सोलापूर व मराठवाड्यात ज्वारी, तूर आणि सोयाबीन, यवतमाळ-वर्ध्यात कापूस आणि चंद्रपूर-गडचिरोलीत पुन्हा भात, असा हा क्रम आहे. ताटातून गेलेला भात हजार किलोमीटरनंतर परत येतो, तेव्हा राज्य ओलांडून झालेले असते.

जमिनीचेही तसेच आहे. राज्याचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. नागपूरच्या आसपास हा खडक संपतो. त्यापुढे त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. चंद्रपूरचा कोळसा आणि चुनखडी याच जुन्या भूमीतील. म्हणून पूर्व विदर्भाचे रूप घाटमाथ्याहून वेगळे दिसते.

निघावे केव्हा

या प्रवासासाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात घाटांत दरडी कोसळतात, धुक्याने पुढची दहा पावले दिसत नाहीत आणि ताडोबाचा गाभा क्षेत्रातील भाग जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. एप्रिल-मेमध्ये वाघ दिसण्याची शक्यता अधिक असते. मात्र चंद्रपूर-नागपूरचे तापमान पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाते आणि दमट हवेची सवय असलेल्या गोमंतकीयाला ती कोरडी आग सोसत नाही.

हिवाळ्याचे आणखी काही लाभ आहेत. डिसेंबर-जानेवारीत सोलापूर आणि मराठवाड्यात शेतावरचा हुरडा मिळतो, नागपूरकडे संत्री बाजारात असतात आणि चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्रभर रंगतात. उत्सवी नाटकांची परंपरा असलेल्या गोव्यातील रसिकाला हा भाग परका वाटणार नाही.

मात्र याच काळात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस नेला जातो. ट्रॉलीच्या मागे दिवा असेलच असे नाही आणि उसाचे वाढे रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेले असतात. या भागात अंधार पडल्यावर गाडी चालवू नये.

मार्ग कोणता घ्यावा

महाराष्ट्राची रुंदी एका सलग वाटेने अनुभवायची तर रत्नागिरी-नागपूर महामार्ग सर्वांत उपयुक्त. कोल्हापूर, मिरज, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा तो जातो आणि त्याची एकूण लांबी साधारण साडेनऊशे किलोमीटर आहे. गोव्याहून निघणाऱ्याने आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठून तो पकडावा.

परतीसाठी समृद्धी महामार्ग आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ पासून पूर्णपणे खुला झाला. जाताना जुन्या वाटेने गावे पाहत जावे आणि येताना वेळ वाचवावा, ही रीत उत्तम. उलट केल्यास पहिल्याच दोन दिवसांत नागपूर येते, पण मधला मराठवाडा खिडकीतून निसटून जातो.

चौदा दिवसांची आखणी

पुढील आराखडा शनिवारी निघण्याच्या हिशेबाने केला आहे. त्याला कारण आहे. ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. वार न पाहता निघालेला प्रवासी दीड हजार किलोमीटर जाऊन बंद दारापाशी उभा राहतो.

पहिला दिवस, शनिवार : पणजी, बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, कोल्हापूर. सुमारे २१५ किलोमीटर. थांब्यांसह सहा तास धरावेत. निपाणीपाशी कर्नाटकाचा थोडा भाग लागतो.

दुसरा दिवस, रविवार : कोल्हापुरात मुक्काम. अंबाबाईचे दर्शन, दुपारनंतर पन्हाळा.

तिसरा दिवस, सोमवार : मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर, सोलापूर. सुमारे २६० किलोमीटर. उसाची हिरवाई संपून माळ कोठे सुरू होतो, हे या वाटेवर डोळ्यांनी पाहता येते.

चौथा दिवस, मंगळवार : नळदुर्ग, तुळजापूर, लातूर. सुमारे १६० किलोमीटर. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला आदिलशाही काळातील बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल अवश्य पाहावा. पणजीचे जुने सचिवालय ज्या आदिलशहाच्या वाड्याच्या नावाने ओळखले जाते, त्याच राजवटीचे हे काम.

पाचवा दिवस, बुधवार : लातूर ते नांदेड. १४५ किलोमीटर. गोदावरीकाठचा हजूर साहिब गुरुद्वारा हा शीख धर्मीयांच्या पाच तख्तांपैकी एक. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये येथेच निर्वाण झाले.

सहावा दिवस, गुरुवार : नांदेड, उमरखेड, यवतमाळ, वर्धा. सुमारे २५५ किलोमीटर. पैनगंगा ओलांडली की विदर्भ सुरू होतो.

सातवा दिवस, शुक्रवार : सकाळी सेवाग्राम, मग हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर. सुमारे १३० किलोमीटर. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. बाबा आमटे यांचे आनंदवन वरोऱ्याला आहे. सायंकाळपर्यंत ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराजवळ मुक्कामाला पोहोचावे.

आठवा दिवस, शनिवार : ताडोबा. स्वतःची मोटार उभीच राहील. सफारी वन विभागाच्या नोंदणीकृत वाहनातूनच होते. शनिवारी गर्दी असल्याने आरक्षण ऑनलाइन आणि बरेच आधी करावे. ज्या ओळखपत्राने आरक्षण केले, तेच मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे.

नववा दिवस, रविवार : मूलमार्गे गडचिरोली, पुढे चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठावरील मार्कंडाचा मंदिरसमूह. सुमारे १४० किलोमीटर.

दहावा दिवस, सोमवार : गडचिरोली ते नागपूर. सुमारे १७० किलोमीटर. दीक्षाभूमी आणि झिरो माइलचा स्तंभ.

अकरावा दिवस, मंगळवार : समृद्धी महामार्गाने मेहकर, तेथून लोणार आणि पुढे छत्रपती संभाजीनगर. सुमारे ४६० किलोमीटर. या प्रवासातील ही सर्वांत लांब मजल असल्याने पहाटे निघावे.

बारावा दिवस, बुधवार : वेरूळ, सुमारे ३० किलोमीटर. चित्रांची ओढ असेल तर अजिंठा, पण ते शंभर किलोमीटरवर आहे. एका दिवसात दोन्ही करू नयेत.

तेरावा दिवस, गुरुवार : अहिल्यानगर, पुणे, सातारा. सुमारे ३४५ किलोमीटर.

चौदावा दिवस, शुक्रवार : सातारा, कोल्हापूर, आंबोली, पणजी. सुमारे ३४० किलोमीटर.

एकूण अंतर पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास होते. लिटरला पंधरा किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला साधारण १८५ लिटर इंधन लागेल. गोव्यात पेट्रोल स्वस्त असल्याने पत्रादेवीपूर्वी टाकी भरून घेण्याची प्रथा आहेच. ती येथेही पाळावी.

रजा कमी असल्यास

सात-आठ दिवसच हाती असतील, तर हा आराखडा दामटून बसवू नये. पहिल्या पाच दिवसांत नांदेडपर्यंत जाऊन सोलापूरमार्गे परतावे आणि विदर्भ पुढच्या वर्षासाठी ठेवावा. काय पाहायचे हे ठरवणे सोपे असते. काय सोडायचे हे घरी बसून ठरवले नाही, तर ते रस्त्यावर वादावादीत ठरते.

रोजच्या मजलेसाठी एक साधा नियम उपयोगी पडतो. घाटात ताशी तीस, राज्यमार्गावर पन्नास आणि रुंद महामार्गावर सत्तर किलोमीटर हा सरासरी वेग धरावा व आलेल्या वेळेत दीड तास मिळवावा. फोनवरील नकाशा दाखवतो तो वेळ चहा, फाटक, बाजाराचा दिवस आणि लहान मुले यांचा विचार करून काढलेला नसतो. लांब मजलेच्या दुसऱ्या दिवशी कमी अंतर ठेवावे आणि चार-पाच दिवसांतून एक दिवस गाडी हलवूच नये.

घाट, काळी माती आणि सरळ रस्ता

तीन प्रदेशांत वाहन चालवण्याच्या तीन वेगळ्या खबरदाऱ्या आहेत.

घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. केवळ ब्रेकवर गाडी रोखत उतरल्यास ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. करूळ, भुईबावडा, फोंडा हे पर्यायी घाट आहेत, पण दुरुस्ती किंवा दरडीमुळे त्यांपैकी एखादा बंद असू शकतो. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी.

सोलापूरपासून यवतमाळपर्यंत काळ्या मातीचा प्रदेश आहे. अवकाळी पाऊस झाल्यास रस्त्याच्या कडेची माती लोण्यासारखी होते आणि डांबर सोडून बाजूला उभी केलेली मोटार रुतते. गाडी नेहमी पक्क्या जागेवरच थांबवावी.

समृद्धी महामार्गाचा धोका त्याच्या सरळपणात आहे. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. वळणे कमी आणि देखावा एकसारखा असल्याने चालकाला नकळत गुंगी येते. दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत. टायर जुने असल्यास निघण्यापूर्वी बदलावेत आणि हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा. दुचाकींना या महामार्गावर प्रवेश नाही. मोटारसायकलने हा प्रवास करू पाहणाऱ्यांनी परतीची वेगळी वाट ठरवावी.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. डिसेंबरात नागपूरचा सूर्य पणजीपेक्षा सुमारे अर्धा तास आधी मावळतो. गोव्यात सहा वाजता उजेड असतो, म्हणून चंद्रपूरकडच्या जंगलवाटेवरही असेल असे धरू नये. तेथे साडेपाचपर्यंत मुक्काम गाठावा. संध्याकाळी वन्यप्राणी रस्ता ओलांडतात.

कागदपत्रे आणि कायदा

चालक परवाना, वाहन नोंदणी, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र यांची मुदत निघण्याच्या आठवडाभर आधी पाहावी. फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम ठेवावी. फास्टॅगचा वार्षिक पास केवळ राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो, समृद्धी महामार्गावर टोल वेगळा भरावा लागतो. भाड्याची मोटार नेत असल्यास तिचा परवाना राज्याबाहेर चालतो का, हे मालकाकडून लेखी घ्यावे.

गोव्यातील मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणे हा गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर वाहने थांबवली जातात. मित्राने सांगितले म्हणून ठेवलेल्या दोन बाटल्यांपायी मोटार जप्त होऊन सहल पहिल्याच तासात संपू शकते. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर संपूर्ण दारूबंदी आहे.

अडचणीच्या वेळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक चालतात. गडचिरोलीच्या आतल्या भागात फोनची रेंज जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. त्या जिल्ह्यात हिवताप आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, मलम आणि मच्छरदाणी सोबत असावी.

ताट, भाषा आणि पाणी

कोल्हापुरात तांबडा-पांढरा, सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, नागपुरात सावजी असे जेवण पालटत जाते. सावजीचा तिखटपणा गोव्याच्या शागुतीहून वेगळ्या जातीचा आहे. पहिल्यांदा खाणाऱ्याने बेताने घ्यावे. भाषाही तशीच पालटते. मालवणी कोकणीच्या कानाला जवळची. सोलापुरात मराठीइतक्याच सहजपणे कन्नड आणि तेलुगू कानी पडते. पुढे वऱ्हाडी, मग झाडीबोली आणि गडचिरोलीत गोंडी व माडिया. मराठी येणाऱ्याचे कोठेही अडत नाही, मात्र प्रश्न विचारून उत्तर नीट ऐकून घेण्याची तयारी हवी.

पाण्याविषयी अधिक सांगायला हवे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. या आराखड्यातील तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाची वाट त्याच दोन शहरांदरम्यानची आहे. तीन दिवसांपूर्वी ज्याने आंबोलीचा घाट चढला, तो प्रवासी लातूरच्या लॉजमध्ये नळ उघडतो, तेव्हा त्या नळामागे हा इतिहास असतो. या पट्ट्यात मोटार धुण्याचा आग्रह धरू नये, बादलीभर पाण्यात आंघोळ उरकावी आणि पिण्याचे वीस लिटर पाणी गाडीतच बाळगावे.

पूर्वेकडे गेल्यावर याच प्रश्नाचे जुने उत्तर पाहायला मिळते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत गावोगावी जुने तलाव आहेत. त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पावसाचे पाणी अडवून भाताला पुरवण्याची ही व्यवस्था कित्येक गावांत अजून चालते. मूलकडून गडचिरोलीला जाताना रस्त्यालगत असे तलाव दिसतात. तेथे पाच मिनिटे थांबावे. गोव्यातील खाजन शेती ज्याने पाहिली आहे, त्याला त्या बांधाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.